दापोडीच्या बागेतील अनामिक चितारी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी गाडी खडकी सोडून मुळेचा पूल ओलांडते आणि दापोडीच्या स्थानकात येऊन थांबते. या नावाने आजच्या प्रवाशास एस.टी.ची मोठी कार्यशाळा आठवेल, लष्करी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आठवेल, भोंग्यांवर चालणारी दाट वस्ती आठवेल. परंतु याच गावी, मुळा आणि पवना यांच्या संगमाच्या आसपास, १८२८ पासून पुढे सुमारे पस्तीस वर्षे मुंबई सरकारची वनस्पतिबाग नांदत होती, आणि त्या बागेत १८४७ ते १८५० या तीन-चार वर्षांत एका देशी ख्रिस्ती चिताऱ्याने रंगविलेली फुलापानांची जलरंगचित्रे आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरो येथील शाही वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात जपून ठेवलेली आहेत, हे खुद्द दापोडीकरांपैकीही फारच थोड्यांना ठाऊक असेल.

ही चित्रे संख्येने १७० च्या घरात आहेत. इंग्रजी कागदपत्रांत गावाचे नाव दापुरी असे पडत असल्यामुळे अभ्यासक त्यांना दापुरीची चित्रे म्हणतात. त्यांची ओळख पटवून, त्यांतील एकेका वनस्पतीचे आजचे शास्त्रीय नाव ताडून आणि बागेचा विस्कटलेला इतिहास दफ्तरांतून गोळा करून हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने २००२ साली त्यांवर एक सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे ती पुन्हा जगासमोर आली. मधल्या दीडशे वर्षांत चित्रांतील बाग नाहीशी झाली, बागेच्या मालकाचे राज्य गेले, आणि चित्रे काढणाऱ्याचे नाव तर त्याच्या हयातीतही कोणी लिहून ठेवले नव्हते.

दापोडीचा पूर्वेतिहास फुलांचा नसून दारूगोळ्याचा आहे. पेशव्यांच्या पदरी कवायती पलटण उभारण्यासाठी इंग्रजांनी दिलेला फोर्ड नावाचा अधिकारी या गावी तळ देऊन राहिला होता, आणि नदीकाठी त्याने स्वतःसाठी प्रशस्त बंगला बांधला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई जुंपली, तेव्हा पेशव्यांचा पगार घेणारी ही पलटण फोर्डच्या हुकमाने नदी ओलांडून इंग्रजांना जाऊन मिळाली. आणि तिला अडविण्यासाठी घोडा घालणाऱ्या मोरो दीक्षित मराठे यांना, जे स्वतः फोर्डचे स्नेही होते, तिच्याच तोफेच्या माऱ्यात मृत्यू आला. आपल्याकडील इतिहासकारांनी त्या एका तिसऱ्या प्रहरावर जेवढी शाई खर्च केली, तिचा शतांशही त्याच भूमीवर पुढे लाविलेल्या बागेच्या वाट्यास आला नाही. असो. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने फोर्डचा तो बंगला सरकारासाठी विकत घेतला, पावसाळ्यातील मुक्कामास तो मुक्रर केला, आणि भोवतालच्या जमिनीत वनस्पतिबाग घालण्याची आज्ञा दिली.

बागेचा पहिला अधीक्षक विल्यमसन अल्पावधीतच मरण पावला. त्याच्यामागून डॉक्टर लश आला. आणि १८३८ साली ज्याच्या हाती हा कारभार गेला, तो अलेक्झांडर गिब्सन मात्र या भूमीत खऱ्या अर्थाने मुरला. १८०० साली स्कॉटलंडच्या ईशान्य भागात जन्मलेला आणि एडिंबरोस वैद्यक शिकलेला हा गृहस्थ १८२५ साली कंपनीच्या नोकरीत शल्यवैद्य म्हणून रुजू झाला होता, आणि पुढे देवी काढण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाल्यामुळे दख्खन आणि खानदेशचा मुलूख गावोगाव हिंडून, तेथील लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलून, पिके, पाणी, झाडपाला आणि दुष्काळ यांचे असे प्रत्यक्ष ज्ञान त्याने संपादन केले होते, की जे मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या कोणाही अंमलदारास मिळणे शक्य नव्हते. दापोडीखेरीज जुन्नर भागातील हिवरे येथेही त्याच्या देखरेखीखाली एक बाग होती. सोनामुखी, खुरासानी ओवा यांसारख्या औषधी वनस्पतींची तेथे लागवड करावयाची, त्यांचे अर्क काढावयाचे, आणि विलायतेहून जास्त किमतीस येणारी औषधे येथेच तयार करून सरकारी औषधकोठारास पुरवावयाची, हे या बागांचे मुख्य प्रयोजन होते. शोभेची फुले हा त्याच्या ताळेबंदातील किरकोळ रकाना.

१८४७ साली गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. संबंध इलाख्याच्या जंगलांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचा हिंदुस्थानातील हा पहिलाच प्रयोग होय. मुंबईच्या गोदीस जहाजांसाठी सागवान हवे होते, कोकण व कानडा येथील सागवानाची रास खालावत चालली होती, आणि सरकारची चिंता प्रथम लाकडाची होती, हे उघड आहे; परंतु डोंगरउतारावरील झाडी तुटली म्हणजे खालचे झरे आटतात, नद्यांची मुखे गाळाने भरतात आणि शेतकऱ्याचे बारमाही पाणी जाते, ही गोष्ट गिब्सनने आपल्या अहवालांतून सरकारच्या कानी वारंवार घातली, हेही तितकेच खरे आहे. डोंगरकोळी, ठाकूर, कातकरी यांच्या फिरत्या शेतीवर जे निर्बंध आले, त्यांचा आरंभही याच काळात होतो, आणि त्या निर्बंधांची झळ ज्यांना लागली त्यांची बाजू गिब्सनच्या अहवालांत शोधून सापडावयाची नाही. गिब्सनची थोरवी आणि त्याच्या खात्याचा जाच या दोहोंची नोंद एकाच पानावर झाली पाहिजे, असे मला वाटते.

वनसंरक्षक झाल्याच्याच सुमारास गिब्सनने चितारी हाताशी धरला, यात मला योगायोगापेक्षा गरज अधिक दिसते. सह्याद्रीतील वनस्पतींचा ऋतू हा पावसाचा ऋतू आहे. आषाढ-श्रावणात ज्या कड्यांवर जमिनीलगतच्या आमरी, रानहळदी, कंदिलासारख्या फुलांच्या वेली आणि तेरड्याच्या नाना जाती फुलतात, तेथून आणलेले रोप टिपकागदांच्या थरांत दाबून वाळवू म्हटले, तर दर दिवसाआड कागद बदलूनही, पापड ओल्या हवेत मऊ पडावा तसे ते रोप नरमच राहते, त्यावर बुरशी चढते, आणि उरलेसुरले कसर फस्त करते. जे वाळते त्याचाही रंग जातो. जांभळे फूल तपकिरी होते, पांढरे मातकट होते, नळीसारखे फूल चपटे होते, आणि मांसल खोडाची वनस्पती तर ओळखण्यापलीकडे जाते. वाळविलेला नमुना शास्त्राचा पुरावा म्हणून अपरिहार्यच आहे, परंतु फूल जिवंतपणी कसे होते हे त्यास सांगता येत नाही. ते काम त्या काळी केवळ जलरंगांनाच साध्य होते.

म्हणून कंपनीच्या प्रत्येक मोठ्या बागेत चितारी असत. कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या बागेत रॉक्सबर्गने देशी चिताऱ्यांकडून अडीच हजारांवर चित्रे काढवून घेतली होती. त्याच्यामागून वॉलिकच्या हाताखाली विष्णुप्रसाद आणि गोराचंद हे चितारी काम करीत. मद्रासकडे रॉबर्ट वाइटच्या पदरी रंगय्या आणि त्याच्यामागून गोविंदू हे दोन तेलुगू चितारी होते. या चौघांची नावे आज आपणांस घेता येतात, कारण त्यांच्या चित्रांवरून छापलेल्या पत्रांवर ती उतरली. आणि वाइटने तर १८५३ साली एका आमरीच्या नव्या प्रजातीस गोविंदूचेच नाव दिले. पुढे त्या वनस्पतीचा समावेश दुसऱ्या प्रजातीत झाला व ते नाव प्रचारातून गेले, तरी मालकाने चाकराचा असा शास्त्रोक्त सन्मान केल्याचे उदाहरण त्या शतकात विरळाच सापडेल. याउलट, म्हैसूरच्या शिमोगा प्रांतात क्लेगहॉर्न या दुसऱ्या स्कॉटिश वैद्याने १८४० नंतरच्या दशकात ज्याच्याकडून झाडांची चित्रे काढवून घेतली, तो चितारी मराठी होता एवढेच आपण जाणतो.

दापोडीचा चितारी या दुसऱ्या पंक्तीतला. त्याच्याविषयी एवढेच कळते की तो पोर्तुगीज वळणाचा देशी ख्रिस्ती होता. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात पोर्तुगीज या शब्दाखाली गोमंतकातील ख्रिस्ती जसा येई, तसाच वसई-साष्टीकडीलही येई. त्यामुळे त्याचे गाव निश्चित करण्यास तेवढा शब्द पुरत नाही. मात्र असा मनुष्य पुण्याच्या परिसरात सापडावा यात नवल काहीच नाही. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पेशव्यांच्या फौजेत गोमंतकीय ख्रिस्ती अंमलदार व शिपाई इतके होते, की त्यांच्या प्रार्थनेसाठी १७९२ साली दरबाराने पुण्यात जागा दिली, आणि नाना पेठेतील ख्रिस्तमंदिर त्याच जागेवर आजही उभे आहे. पेशवाई गेल्यावर या मंडळींचे वंशज कारकून, वाजंत्री, कंपाउंडर, आचारी अशा नानाविध चाकऱ्यांत शिरले. त्यांतलाच एखादा हात रंगाकडे वळलेला असणे अगदी संभवनीय आहे.

शिवाय पुणे हे चित्रकलेस सर्वथा परके गाव नव्हते. इंग्रज वकील मॅलेट याच्या पुढाकाराने आणि वेल्स या चित्रकाराच्या देखरेखीखाली अठराव्या शतकाच्या अखेरीस शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली होती, आणि तीत तयार झालेल्या गंगाराम तांबट या मराठी कलावंताने वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याची जी चित्रे काढली, ती अमेरिकेच्या संग्रहालयात आहेत. परंतु त्या शाळेचा वारसा चालविणारे कोणी उरले नाही, आणि मुंबईची जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ पर्यंत निघावयाचीच होती. तेव्हा दापोडीच्या चिताऱ्याची तालीम सरकारी शाळेत झालेली नाही, हे निश्चित. चर्चमधील वेदिकेच्या पाटांवर संतांची चित्रे व फुलांच्या माळा रंगविणाऱ्यांची गोमंतकात जी परंपरा होती, तिच्याशी त्याचा काही संबंध असेल काय, हा माझा तर्क आहे; पुरावा नव्हे.

वनस्पतिचित्र काढणे हे देखावा रंगविण्यासारखे मोकळे काम नाही. फूल पहाटे खुडून आणले की माध्यान्हीपर्यंत मान टाकू लागते, म्हणून चितारी प्रथम फुलाचा रंग उतरून घेतो, नंतर कळी, नंतर कोवळे पान, आणि जे दोन दिवस टिकणार ते जून पान व खोड शेवटी. पाने देठावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, पाकळ्या सुट्या आहेत की बुडाशी जुळलेल्या, केसर किती आणि कोठे चिकटले आहेत, हे मोजल्यावाचून ब्रश ओला करावयाचा नाही. कारण त्यांतील एक चूकही झाली, तर कितीही मनोहर चित्र शास्त्राच्या दृष्टीने रद्दी ठरते. आपल्याकडील लघुचित्रांच्या पद्धतीत रंग जाड, अपारदर्शक, डिंकात कालवून थरावर थर देऊन घोटलेला असे; युरोपीय वनस्पतिचित्रकार मात्र पाण्यात विरघळलेल्या पातळ रंगाच्या झाकेतून खालचा कागद दिसू देत असे. कंपनीच्या सेवेतील देशी चिताऱ्यांनी या दोन पद्धतींची सांगड घातली. पानाचा पातळ हिरवा, त्यावर शिरांची जाड फिकी रेषा, आणि कडेवरचा प्रकाश, हे मिश्रण ज्याने एकदा पाहिले त्यास हिंदुस्थानात काढलेले वनस्पतिचित्र लंडनमध्ये काढलेल्या चित्राहून वेगळे ओळखता येते.

रंगांचीही एक जन्मकुंडली असते. पानांचा हिरवा रंग बहुधा सरळ पुडीतून येत नसे. कोकमाच्याच प्रजातीतील एका पूर्वेकडील झाडाच्या पिवळ्या चिकात निळीची वा विलायती निळ्याची भर घालून तो बनवीत. हा पिवळा चीक उजेडात लवकर विटतो आणि निळा तसाच राहतो, म्हणून भिंतीवर टांगलेल्या जुन्या वनस्पतिचित्रांतील पाने शंभर वर्षांनी निळसर दिसू लागतात. शिशाचा सफेता शहरी धुराने काळवंडतो, आणि पांढऱ्या फुलाची पाकळी राखी होऊन बसते. आणि पांढऱ्या कागदावर पांढरे फूल काढणे ही तर चिताऱ्याची खरी परीक्षा. तेथे रंग द्यावयाचाच नसतो. सावली तेवढी द्यावयाची, आणि पाकळी पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी पुरी करावयाची. जी चित्रे भिंतीवर न टांगता बासनात राहिली त्यांचे रंग तगले, असा हा उलटा न्याय आहे; दुर्लक्षाने माणसाचे नाव गेले, पण रंग मात्र वाचला.

दापोडीच्या संचात देशी वनस्पती आहेत तशाच परदेशीही आहेत, आणि माझ्या दृष्टीने हीच त्याची खरी श्रीमंती. केवळ सह्याद्रीतील दुर्मिळ वनस्पतींची चित्रे असती तर तो शास्त्राचा संच झाला असता. पण येथे दूरच्या खंडांतून बीजरूपाने वा गड्ड्यांच्या रूपाने आलेली, गव्हर्नरच्या बंगल्यापुढे मिरविणारी झाडेही त्याच निष्ठेने, त्याच मापाने रंगविलेली आहेत. पुण्याच्या बंगल्यांतील आवारे, त्यांतील वेली, कुंड्या आणि ताटवे यांची जी रुची पुढे शंभर वर्षे आपण आपलीच म्हणून जोपासली, तिची पहिली रोपे कोणकोणत्या खंडांतून आली हे सांगणारा, त्या काळी प्रत्यक्ष पाहून केलेला असा रंगीत दस्तऐवज दुसरा माझ्या पाहण्यात नाही. बाग गेल्यावर तिची झडती घ्यावयाची तर याच चित्रांवरून घ्यावी लागेल.

गिब्सनने निकोल डाल्झेल याच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ साली मुंबईस छापला गेला. तो पुष्कळ वर्षे या प्रांतातील वनस्पतिशास्त्राचा आधारग्रंथ होता. पण त्यात चित्रे नाहीत. दापोडीच्या चिताऱ्याचे श्रम आणि त्याच्या धन्याचे शब्द एका बांधणीत कधी आलेच नाहीत. गिब्सन तत्पूर्वीच, १८६० साली, निवृत्त होऊन मायदेशी परतला होता, आणि १८६७ साली तेथेच त्याचा अंत झाला.

या मंडळींची नावे मात्र डोंगराडोंगरांवर उगवत राहिली. एका आमरीच्या नावात गिब्सन आहे. सह्याद्रीखेरीज जगात कोठेही न आढळणाऱ्या चौऱ्याच्या झाडात मुंबईचा हौशी वनस्पतिज्ञ निम्मो आहे. आणि जुन्नरच्या कातळावर वाढणाऱ्या शिंदळ माकुडीस डाल्झेलने गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याचे नाव देऊन टाकले. त्या कड्यांवर चढून रोपे खाली आणणारे ठाकूर, त्यांची निगा राखणारे माळी आणि त्यांस रंगविणारा चितारी यांच्यापैकी कोणाचेही नाव कोणत्याही पाकळीस चिकटले नाही. हा त्या काळचा रिवाज होता असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. कारण त्याहून पावणेदोनशे वर्षे आधी, कोचीनच्या डच गव्हर्नराने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅमला छापला, तेव्हा त्यास ज्ञान पुरविणारे रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट हे तिघे कोकणी वैद्य, तसेच इट्टी अच्युदन हा मल्याळी वैद्य, यांची प्रशस्तिपत्रे त्यांच्या नावांनिशी आणि त्यांच्याच लिपींत ग्रंथारंभी छापली होती. सतराव्या शतकातील व्यापाऱ्यास जे सुचले, ते एकोणिसाव्या शतकातील सरकारास सुचले नाही.

गव्हर्नरचे निवासस्थान गणेशखिंडीत नेण्याचे ठरल्यावर, १८६५ च्या सुमारास, दापोडीचा बंगला आणि बाग सरकारने विकून टाकली. गणेशखिंडीतील तो प्रासाद म्हणजेच आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. आणि १८७३ साली त्याच बाजूस जी नवी वनस्पतिबाग निघाली, तिला २०२० साली महाराष्ट्र शासनाने जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले. दापोडीच्या वाट्यास असा फलकही आला नाही.

माझे म्हणणे एवढेच की, या चित्रांची विश्वसनीय प्रतिमुद्रणे पुण्यात आणून, त्यांखाली वनस्पतींची मराठी नावे घालून, ती एकदा दापोडीतच मांडावीत. मूळ चित्रे परत मागण्याचा वाद कोणी करावयाचा असेल तर त्याने तो खुशाल करावा, पण त्याच्या निकालापर्यंत पाहणाऱ्याने थांबण्याचे कारण नाही. चिताऱ्याच्या नावाचा शोध तर येथेच घ्यावा लागेल. गिब्सनच्या कारभाराचे कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात चाळता येतील; गोमंतक, वसई आणि पुणे येथील जुन्या चर्चांतून बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या आहेत; आणि एखाद्या घराच्या माळ्यावर १८४७ ते १८५० या वर्षांतील दापोडीच्या बागेचा पगाराचा कागद, शिफारसपत्र किंवा फुलांचे कच्चे रेखाटन पडून असण्याचाही संभव आहे. ज्या वाचकांच्या घरी असे काही असेल, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा पुराभिलेखागाराच्या अधिकाऱ्यांस दाखवावे, ही विनंती.